मास्तरांची चाल आणि बँडची कसोटी

राष्ट्रगीत म्हटले की आपल्याला प्रथम शब्द आठवतात. परंतु राष्ट्राच्या प्रत्यक्ष व्यवहारात शब्दांपेक्षा धूनच अधिक वेळा कानी पडते. परदेशी पाहुण्याचे स्वागत असो, सैन्याचे संचलन असो वा क्रीडास्पर्धेतील पदकदान, तेथे गायक नसतात, बँड असतो. पितळी वाद्ये, क्लॅरिनेट आणि ढोल यांच्या तोंडून जी चाल स्वच्छ उमटते तीच जगाच्या दृष्टीने त्या देशाची ओळख ठरते. भारत स्वतंत्र झाला तेव्हा हा प्रश्न एकाएकी निकडीचा झाला. ज्या गीताने चाळीस वर्षे स्वातंत्र्यलढा पेटता ठेवला ते ‘वंदे मातरम्’ बँडवर वाजू शकते का, अशी शंका थेट सर्वोच्च पातळीवर उपस्थित झाली. त्या शंकेला वादविवादाने नव्हे, तर प्रत्यक्ष स्वररचनेने उत्तर देण्याचा चंग एका मराठी गवयाने बांधला. त्यांचे नाव मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर.

नाट्यपदांचे संगीतकार, ‘प्रभात’च्या बोलपटांचे संगीत दिग्दर्शक आणि मैफल रंगविणारे गवई म्हणून मास्तर महाराष्ट्राला परिचित आहेत. त्यांच्या आयुष्यातील हे एक प्रकरण मात्र जाणकारांच्या वर्तुळाबाहेर फारसे पोहोचलेले नाही. ‘वंदे मातरम्’च्या रचनेला २०२५ साली दीडशे वर्षे झाल्यानंतर या गीताविषयी पुन्हा पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले. त्या निमित्ताने मास्तरांच्या या धडपडीची उजळणी होणे अगत्याचे आहे.

आळंदी ते गंधर्व मंडळी

कृष्णरावांचा जन्म २० जानेवारी १८९८ रोजी देवाच्या आळंदीचा. आडनावातील फुलंब्री हे गाव मात्र मराठवाड्यात, पूर्वीच्या औरंगाबाद आणि आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. गोड गळ्याच्या मुलाला त्या काळी नाटक मंडळीची वाट आपोआप दिसत असे. कृष्णरावही लहान वयातच नाट्यकला प्रवर्तक मंडळीत दाखल झाले आणि रंगभूमीवर गाऊ लागले. पुढे त्यांना गुरू लाभले ते गायनाचार्य भास्करबुवा बखले. बुवांनी बडोद्याचे फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नथ्थन खाँ आणि जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ अशा तीन दिग्गजांकडून विद्या संपादन केली होती. ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तिन्ही गायकींचा मेळ बुवांच्या गळ्यात होता, आणि तो वारसा कृष्णरावांकडे आला. एकाच घराण्याच्या कुंपणात न अडकण्याची सवय त्यांना शिष्यदशेतच जडली, असे म्हणता येईल.

भास्करबुवांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. बुवा १९२२ साली निवर्तले. त्यांच्यामागे गंधर्व नाटक मंडळीच्या संगीताची धुरा कृष्णरावांच्या खांद्यावर आली. बालगंधर्वांसारख्या अलौकिक गळ्यासाठी चाली बांधणे ही सोपी गोष्ट नव्हती. गायकाला फुलायला जागा हवी, प्रेक्षकाला चाल चटकन ओळखीची व्हायला हवी, आणि प्रसंगाचा भावही सुटता कामा नये. ‘मेनका’, ‘सावित्री’, ‘कान्होपात्रा’ या नाटकांतील पदांतून कृष्णरावांनी हा तोल सांभाळला. रागाचे शुद्धपण राखूनही ते चालीत एखादे अनपेक्षित वळण असे काही घालत की ऐकणारा दचकून हसावा आणि लगेच दाद द्यावी. मैफलीतही त्यांचे गाणे असेच चपळ, खेळकर आणि प्रसन्न होते. आलापीचा डोंगर रचण्यापेक्षा थोडक्यात रागाचा प्राण पकडण्याकडे त्यांचा कल होता.

थोडक्यात सांगण्याची ही हातोटी पुढे राष्ट्रगीताच्या प्रयत्नात त्यांच्या कामी येणार होती. राष्ट्रगीताला मैफलीप्रमाणे तासभर अवधी नसतो. एका मिनिटाच्या आत सारे सांगून संपवावे लागते.

समूहाचे गाणे, वाद्यांचा मेळ

बोलपटांचा काळ आला आणि कृष्णराव प्रभात फिल्म कंपनीत संगीत दिग्दर्शक झाले. ‘धर्मात्मा’ (१९३५), ‘अमरज्योति’ (१९३६), ‘वहाँ’ (१९३७), ‘गोपालकृष्ण’ (१९३८), ‘माणूस’ (१९३९) आणि ‘शेजारी’ (१९४१) हे त्यांचे ‘प्रभात’मधील चित्रपट. रंगभूमीवर ऑर्गन, सारंगी व तबला एवढ्या साथीवर भागत असे. चित्रपटात मात्र वाद्यवृंद आला, प्रसंगाला अनुरूप पार्श्वसंगीत आले आणि एकट्या गळ्याऐवजी समूहाचे गाणे आले. ‘माणूस’मध्ये एकाच गाण्यात अनेक भाषांचे तुकडे गुंफण्याचा प्रयोग त्यांनी केला. ‘शेजारी’तील ‘लखलख चंदेरी’ हे शांताराम आठवले यांचे समूहगीत तर अजूनही विसरले गेलेले नाही. मोठा समुदाय एका ठेक्यावर, एका श्वासात गाऊ शकेल अशी चाल बांधणे हे निराळे कसब आहे. गवयाच्या गळ्यातील हरकती समुदायाला पेलत नाहीत. स्वरांचा आवाका फार मोठा ठेवून चालत नाही. श्वास घेण्याच्या जागा आधीच ठरवाव्या लागतात. हे सारे व्याकरण मास्तरांनी ‘प्रभात’च्या स्टुडिओत आत्मसात केले.

पुढे मो. ग. रांगणेकरांच्या ‘नाट्यनिकेतन’साठीही त्यांनी संगीत दिले. १९४२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘कुलवधू’तील ज्योत्स्ना भोळे यांची पदे घरोघरी पोहोचली. १९४४ च्या ‘भक्तीचा मळा’ या चित्रपटात त्यांनी संत सावता माळी यांची भूमिकाही केली. अशा रीतीने चाळिशी उलटेपर्यंत मास्तरांना लौकिक, लोकप्रियता आणि काम यांपैकी कशाचीच वाण उरली नव्हती. तरीही एका गीताने त्यांना झपाटले होते.

नभोवाणीवरील निग्रह

बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांचे ‘वंदे मातरम्’ १८८२ साली पुस्तकरूपाने आलेल्या ‘आनंदमठ’ कादंबरीत अंतर्भूत झाले. १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनी ते गायले आणि वंगभंगाच्या चळवळीत ते देशाची घोषणा बनले. महाराष्ट्रात पं. विष्णु दिगंबर पलुसकर काँग्रेसच्या अधिवेशनांतून ते गात. १९२३ साली काकिनाडा येथे अध्यक्षस्थानावरून त्यास हरकत घेण्यात आली, तरी पंडितजींनी गायन थांबविले नाही. गीताला एकच एक ठराविक चाल मात्र कधीच नव्हती. कोणी देसमध्ये गाई, कोणी काफीत, कोणी सारंगात. प्रत्येक गवई आपापल्या प्रकृतीनुसार ते आळवीत असे.

मास्तरांनी त्यासाठी झिंझोटी राग निवडला. मैफलीच्या अखेरीस ते आपल्या चालीत ‘वंदे मातरम्’ गात. परकीय सत्तेच्या काळात मुंबई नभोवाणी केंद्रावर त्यांनी कार्यक्रमाच्या शेवटी हेच गीत सुरू केले, तेव्हा अधिकाऱ्यांनी प्रक्षेपण तोडले. मास्तर स्टुडिओतून बाहेर पडले आणि त्यांनी नभोवाणीवर बहिष्कार घातला. त्या काळी नभोवाणी हे कलावंताच्या प्रसिद्धीचे आणि नियमित प्राप्तीचेही मोठे साधन होते. ते आपण होऊन सोडणे ही केवळ भावनेच्या भरातील गोष्ट नव्हती. पुढे माहिती व नभोवाणी खाते सरदार वल्लभभाई पटेल यांच्याकडे आल्यानंतर ही अडसर दूर झाली आणि मास्तरांचे ‘वंदे मातरम्’ नभोवाणीवरून पुन्हा घुमले.

निजामी मुलखातील गीत

ब्रिटिश मुलखात ही अवस्था होती, तर शेजारच्या निजाम संस्थानात परिस्थिती आणखी बिकट होती. फुलंब्री हे मास्तरांच्या नावातील गाव त्याच संस्थानात मोडत होते. धाराशिव जिल्हाही तेव्हा त्याच संस्थानाचा भाग. त्याचे उस्मानाबाद हे नाव सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून रूढ झालेले. या जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ यांनी आपल्या कार्याची मुहूर्तमेढ रोवली. १९३८ च्या अखेरीस औरंगाबादच्या महाविद्यालयीन वसतिगृहातील आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. त्यांना मनाई झाली, मागे न हटणाऱ्यांना काढून टाकण्यात आले, आणि पाहता पाहता संस्थानभर विद्यार्थ्यांचे आंदोलन उभे राहिले. शिक्षणाला मुकलेल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक.

मराठवाड्यातील एका पिढीसाठी ‘वंदे मातरम्’ हे केवळ सभेच्या आरंभी म्हणावयाचे गीत नव्हते. वसतिगृहातील खोली, परीक्षेचे वर्ष आणि वडिलांची नाराजी एवढे सारे पणाला लावून ते म्हटलेले होते. या गीताचे स्थान काय असावे, या प्रश्नाकडे पाहताना ही किंमत विसरून चालणार नाही.

शंका कोणती होती?

१९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेसाठी भारताचे शिष्टमंडळ न्यूयॉर्कला गेले असता तेथे भारताच्या राष्ट्रगीताची मागणी झाली. शिष्टमंडळाजवळ ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती. तेथील वाद्यवृंदाने तिच्यावरून सराव केला, धून वाजविली आणि ती उपस्थितांना पसंत पडली. तेव्हापासून सैन्यदलांत आणि परदेशांतील वकिलातींत हीच धून वाजू लागली. पंतप्रधान पंडित नेहरूंनी प्रांतांच्या राज्यपालांची मते मागविली. मध्य प्रांताचा अपवाद वगळता सर्वांचा कौल ‘जन गण मन’कडे होता. २५ ऑगस्ट १९४८ रोजी घटना समितीपुढे केलेल्या निवेदनात नेहरूंनी आपली भूमिका मांडली. ‘वंदे मातरम्’ सुंदर आहे, त्याचा इतिहास थोर आहे, परंतु परदेशांत वाद्यवृंदावर वाजविण्यास ते सोयीचे नाही आणि त्यात पुरेशी गती नाही, असे त्यांच्या म्हणण्याचे सार होते. अंतिम निर्णय घटना समितीच करील, हेही त्यांनी स्पष्ट केले होते.

या प्रश्नाला केवळ सांगीतिक बाजू होती असे मात्र नाही. गीताच्या उत्तरार्धातील देवीच्या रूपकाबद्दल मुस्लिम समाजातील अनेकांचा आक्षेप होता, आणि म्हणूनच १९३७ साली काँग्रेसने पहिली दोनच कडवी म्हणावीत असा निर्णय घेतला होता. हा वाद संगीतकाराच्या हाती सुटणारा नव्हता. परंतु जे संगीताचे होते त्याला संगीताने उत्तर देणे मास्तरांच्या हाती होते. चाल संथ आहे, तर ती गतिमान करता येईल. बँडवर वाजत नाही, तर वाजवून दाखविता येईल.

येथे दोन्ही गीतांच्या वाटचालीतील एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. ‘जन गण मन’ला रवींद्रनाथांचीच एक निश्चित चाल होती. १९१९ साली आंध्रातील मदनपल्ली येथे मार्गारेट कझिन्स यांनी ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून घेतली होती. आझाद हिंद सेनेत त्याच चालीवर हिंदुस्तानी शब्दांचे गीत बसविले गेले आणि कॅप्टन रामसिंग ठाकुरी यांनी ते बँडवर वाजविले. म्हणजे शर्यत सुरू होण्यापूर्वीच एका गीताजवळ जवळजवळ तीस वर्षांची तयारी होती. दुसऱ्याजवळ होती ती अनेक गवयांच्या अनेक चालींची श्रीमंती. बँडच्या दृष्टीने ही श्रीमंतीच अडचणीची ठरली.

बँडची भाषा

आपल्याकडे बँड आणि राग यांची सोयरीक नवीन नव्हती. बडोदे, म्हैसूर यांसारख्या संस्थानांनी राजवाड्याचे बँड बाळगले होते. मैहरला उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी अनाथ मुलांना हाताशी धरून देशी-विदेशी वाद्यांचा आगळा बँड उभा केला होता आणि बंदुकांच्या नळ्यांपासून ‘नलतरंग’ घडविला होता. परंतु दरबाराच्या करमणुकीसाठी राग वाजविणे वेगळे आणि जगातील कोणत्याही बँडने कागद समोर ठेवून तत्काळ वाजवावी अशी धून तयार करणे वेगळे.

यातील अडचणी सामान्य वाचकालाही सहज समजण्यासारख्या आहेत. गवई एका स्वरावरून दुसऱ्यावर मींडेने, घसरत जातो. कॉर्नेट वा ट्रम्पेटच्या कळा दाबल्या की बारा ठराविक स्वरांपैकीच कोणता तरी स्वर निघतो. त्यांच्या मधला प्रदेश बँडला जवळजवळ बंदच असतो. गवई लय राखूनही शब्द मागेपुढे सोडतो. संचलन करणाऱ्या शिपायाची पावले मिनिटाला सुमारे १२० पडतात आणि ती कोणासाठी थांबत नाहीत. आपले संगीत एका सुरावटीवर उभे असते. बँडमध्ये तीस-चाळीस वाद्ये असली तर सर्वांना तीच सुरावट देऊन भागत नाही. क्लॅरिनेटने मुख्य धून घ्यायची, युफोनियमने तिला खालून आधार द्यायचा, ट्युबाने पायाचे स्वर धरायचे, ट्रॉम्बोनने भरणा करायचा आणि ढोलांनी पाऊल सांभाळायचे, अशी वाटणी करावी लागते. शिवाय प्रत्येक वाद्याची पट्टी निराळी. बँडमधील नेहमीच्या क्लॅरिनेटवादकासमोर जो स्वर लिहिलेला असतो त्याहून एक पूर्ण स्वर खालचा नाद बाहेर पडतो. त्यामुळे एकच चाल निरनिराळ्या वाद्यांसाठी निरनिराळ्या पट्ट्यांत लिहावी लागते. हे काम बँडमास्तरच करू जाणे.

झिंझोटीची निवड या दृष्टीने मोठी मार्मिक होती. या रागात कोमल निषादाचे स्थान सोडले तर बाकीचे स्वर शुद्ध. अतिकोमल ऋषभ वा आंदोलित गांधार अशा नाजूक जागांवर त्याचा प्राण अवलंबून नाही. त्यामुळे पितळी वाद्याच्या बारा स्वरांत बसविताना त्याची ओढाताण होत नाही. पाश्चात्त्य संगीताला अशी स्वरमाला अपरिचितही नाही. तिकडच्या चर्चसंगीतात आणि लोकगीतांत ती आढळते. आपल्याकडे झिंझोटी लोकसंगीताच्या अंगणात वावरलेला, भजनाला आणि ठुमरीला चालणारा राग आहे. म्हणजे खेड्यातील माणसाला तो आपला वाटावा आणि परक्या बँडलाही तो पेलावा, असे हे दुहेरी साधन होते.

मास्तरांजवळ आणखी एक गुण होता. ते रचना लिहून ठेवणारे संगीतकार होते. त्यांच्या बंदिशी ‘रागसंग्रहमाला’च्या सात भागांतून स्वरलिपीसह प्रसिद्ध झाल्या आहेत. चाल कागदावर नेमकी उतरवायची सवय नसती, तर बँडमास्तरांशी संवादच झाला नसता.

जाणत्यांपुढे परीक्षा

तरीही मास्तर पाश्चात्त्य बँडचे तज्ज्ञ नव्हते, आणि तसा आवही त्यांनी आणला नाही. त्यांनी सरळ त्या क्षेत्रातील अधिकारी माणसे गाठली. मुंबई पोलिस बँडचे प्रमुख सी. आर. गार्डनर आणि नौदलाच्या बँडचे प्रमुख स्टॅन्ले हिल्स हे दोघे इंग्रज बँडमास्तर. ज्या गीतावर त्यांच्याच देशाच्या राजवटीने बंदी घातली होती, त्याच गीताची बँडलिपी सिद्ध करण्यास त्यांनी हातभार लावला, हा काळाचा न्याय म्हणावा लागेल. या दोघांच्या साहाय्याने मास्तरांची चाल बँडवर चढली आणि पोलिसांच्या व नौदलाच्या वादकांनी ती वाजविली.

पन्नाशीला टेकलेला, कीर्तीच्या शिखरावर असलेला गवई परक्या संगीतपद्धतीच्या माणसापुढे आपली रचना ठेवतो, ती त्याच्या वाद्यांवर ऐकतो आणि त्याच्या मतानुसार तिला बँडजोगे रूप देतो, ही गोष्ट सहज घडणारी नाही. आपल्या गवयांत स्वाभिमान मोठा. चालीत कोणी मात्रा बदलू म्हटले तर मैफल मोडून उठणारेही अनेक. मास्तरांनी मात्र चालीपेक्षा गीत मोठे मानले. शब्द मोडू नयेत, राग ओळखू यावा, समुदायाला गाता यावे आणि बँडला वाजविता यावे, या चार अटी एकाच वेळी पाळायच्या तर पदराला खार लागणारच. मैफलीतील किती हरकती आणि मुरक्या त्यांनी या गीतापायी बाजूला ठेवल्या असतील, याची कल्पना त्यांचे मैफलीतील गाणे ऐकलेल्यांनाच येईल.

नुसत्या वादनावर ते थांबले नाहीत. त्यांनी पंडित नेहरूंची भेट घेतली, दिल्लीस खेटे घातले आणि घटना समितीच्या सदस्यांपुढे आपल्या चालीची प्रात्यक्षिके केली. एकट्याने गाऊन, समूहाकडून गाऊन घेऊन आणि बँडच्या ध्वनिमुद्रणाने, अशा तिन्ही प्रकारे गीत सादर करता येते हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. त्यांच्यामागे संस्था नव्हती, पक्ष नव्हता. हाती होती ती एक चाल.

निर्णय

नेहरूंच्या निवेदनाला तीन आठवडेही झाले नव्हते, तोच १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरच्या बाजूने निजाम संस्थानात शिरल्या. पहिली महत्त्वाची लढत झाली ती धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग येथे. चार-पाच दिवसांत संस्थान शरण आले आणि १७ सप्टेंबर हा मराठवाड्याचा मुक्तिदिन ठरला. ज्या मुलखात दहा वर्षांपूर्वी ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी झाली होती, तेथे आता ते कोणालाही उघड्या गळ्याने म्हणता येऊ लागले. मात्र त्याच सुमारास दिल्लीत त्या गीताचे पारडे हलके होत होते, हा विचित्र योगायोग नोंदविण्याजोगा आहे.

२४ जानेवारी १९५० रोजी घटना समितीच्या अखेरच्या बैठकीत अध्यक्ष डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी निवेदन केले. ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत झाले. स्वातंत्र्यलढ्यातील ऐतिहासिक कामगिरीबद्दल ‘वंदे मातरम्’ला त्याच्याच बरोबरीचा मान देण्यात आला. या प्रश्नावर मतदान झाले नाही. त्याच दिवशी सभागृहात दोन्ही गीते गायली गेली. पुढे ‘जन गण मन’ची बँडसाठीची रचना हर्बर्ट मरिल या इंग्रज संगीतकाराने केली आणि पूर्ण धूनेचा अवधी सुमारे ५२ सेकंद ठरला. ‘वंदे मातरम्’ आकाशवाणीवरून घरोघरी पोहोचले ते मात्र देस रागाच्या छायेतील चालीत. मास्तरांची झिंझोटी ना राष्ट्रगीत म्हणून स्वीकारली गेली, ना राष्ट्रीय गीताची सर्वमान्य चाल झाली.

हा पराभव म्हणायचा का? राजकीय अर्थाने होय. परंतु ‘वंदे मातरम्’ बँडवर वाजू शकत नाही, हे विधान मास्तरांच्या प्रयोगानंतर पूर्वीच्या ठामपणे करता येण्यासारखे राहिले नाही. निर्णय अन्य कारणांनी झाला असेल, होणे इष्टही असेल. संगीताची सबब तेवढी त्यांनी पुसून टाकली.

चालीमागचा माणूस

या अपयशाने मास्तर कडवट झाले नाहीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धवंदनेला चाल लावण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले, तेव्हा पाली भाषेतील त्या वंदनेचे उच्चार, तिचा आशय आणि तिची गंभीर शांती समजून घेऊन त्यांनी ती स्वरबद्ध केली. १९५६ साली तिचे ध्वनिमुद्रण झाले. भास्करबुवांची गादी मानून त्यांनी भारत गायन समाजाचे काम पाहिले. पं. राम मराठे, योगिनी जोगळेकर यांच्यासारखे शिष्य घडविले. १९७१ साली त्यांना ‘पद्मभूषण’ने गौरविण्यात आले आणि त्यानंतर संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली. २० ऑक्टोबर १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

मराठी संगीताच्या इतिहासात मास्तरांची नोंद नाट्यपदांसाठी होते, ‘प्रभात’साठी होते, आणि ती रास्तच आहे. तथापि त्यांच्या राष्ट्रगीताच्या प्रयत्नाकडे एका भाबड्या देशभक्ताची खटपट म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल. ते एका संगीतकाराचे काटेकोर काम होते. आक्षेप काय आहे हे नीट समजून घ्यायचे, त्यातील सांगीतिक भाग वेगळा काढायचा, आपल्याला जे येत नाही ते येणाऱ्याला विचारायचे, त्याच्या कसोटीला रचना लावायची आणि मग ती सर्वांसमक्ष वाजवून दाखवायची. वादाचे रूपांतर प्रयोगात करण्याची ही रीत आपल्या सार्वजनिक जीवनात दुर्मिळच आहे.

आज मास्तरांच्या झिंझोटीतील ‘वंदे मातरम्’ची ध्वनिमुद्रणे ऐकायला मिळतात. ती ऐकताना जाणवतो तो स्वरांचा मोकळा चढ आणि पावलाला साजेशी चाल. दरवर्षी १७ सप्टेंबरला धाराशिवपासून संभाजीनगरपर्यंत जिल्ह्याच्या ठिकाणी ध्वजारोहण होते, राष्ट्रगीताची धून वाजते आणि तिच्यासमोर सारे आदराने उभे राहतात. तो आदर कमी न करताही, कधी एखाद्या शाळेच्या वा पोलिसांच्या बँडने त्या दिवशी झिंझोटीतील ही चाल संचलनासाठी हाती घ्यायला काय हरकत आहे? ज्या भूमीत हे गीत म्हणण्यासाठी विद्यार्थ्यांनी शिक्षण सोडले आणि ज्या भूमीचे गाव मास्तरांच्या नावात आहे, तेथे त्यांची चाल बँडवर वाजली तर तिला उशिरा का होईना, योग्य श्रोते मिळतील.